भट्टीमागची ऊन भिंत

सन एकोणीसशे एकोणतीस. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. भावकीतले काही जण मला पंचवीस धरतात, पण प्लेगमुळं कुंभारी गाव रानात झोपड्या घालून राहिलं होतं त्या सालात मी झालो, असं आई सांगायची. आईपेक्षा भावकीला जास्त ठाऊक असायचं कारण नाही. मी चोवीसच धरणार.

माझी शाळा दुसरीत अर्ध्यावर सुटली. लिहायला पुन्हा लागलो ते म्हातारपणी, नातवंडांच्या पाट्या बघून. तेव्हा ऱ्हस्वदीर्घाचं कुणी मला विचारू नये. सांगायचं आहे ते एका भिंतीबद्दल, आणि ती भिंत मला या वहीपेक्षा जास्त पाठ आहे.

त्या साली मी गिरणीत कामाला होतो आणि शुक्रवार पेठेत एका बोळात दोन खणांची खोली घेऊन राहात होतो. मी आणि कारभारीण, दोघंच. वर मातीचं माळवद, खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि मागची भिंत दगड-मातीची. त्या मागच्या भिंतीला पलीकडून फुटाण्याची भट्टी चिकटून होती. भट्टी म्हणजे मातीचं भलंमोठं चुलाण, त्यावर लोखंडी कढई, कढईत वाळू. वाळू तापली की तिच्यात हरभरे टाकायचे, झाऱ्यानं घोळायचे, फुटले की चाळून काढायचे. खाली जळण म्हणून तुराट्या आणि शेंगांची टरफलं. दिवस उगवायच्या आधीपासून दिवेलागणीपर्यंत ती भट्टी पेटलेली असायची, आणि तिची सगळी आग एका बाजूनं आमच्या खोलीत उतरायची.

त्यामुळं उन्हाळ्यात त्या खोलीत भाडेकरू टिकत नव्हता. मला ते घरमालकानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चैत्रात कळलं. वैशाखात तर भिंतीला पाठ लागली तर माणूस चटका बसल्यासारखा उठायचा. आम्ही दोघं माळवदावर झोपायचो आणि स्वयंपाक बोळात मांडायचो.

भट्टीची मालकीण अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली. नवरा कधीच वारलेला. एकटी भट्टी चालवायची. सगळी पेठ तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायची. हातावरचे केस भाजून गेलेले, कपाळाला भस्म, आणि आवाज असा की बोळाच्या तोंडाशी उभ्या माणसाला ती फुटाण्याचा भाव जागेवरून सांगायची. वैशाखात एक दिवस मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, भट्टी दुसऱ्या भिंतीला न्या, आमचं घर भाजून निघतंय. तिनं कढईतला झारा बाहेर काढला नाही. वर बघितलं नाही. मी हितं सून म्हणून आले तवापासून भट्टी हितंच हाय, म्हणाली, तू कालचा, तूच सरक की तम्मा. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. बोलणं झोंबलं त्याहून ते तम्मा झोंबलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. कारभारीण बोलायची, फुटाणे आणायची. मी ते खात होतो, पण बोलत नव्हतो. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी झाली, तरी नाही.

आता थंडीचं. थंड मुलखातला माणूस आमच्या सोलापूरच्या थंडीला हसेल. हितं बर्फ पडत नाही, पाणी गोठत नाही. पण जो माणूस आठ महिने उन्हात शिजतो त्याचं कातडं पातळ होतं, आणि पौषात काळ्या रानावरून पहाटेचं वारं सुटलं की ते थेट हाडाला लागतं. धडधाकट माणूस कुडकुडतो आणि कामाला लागतो. दम्याच्या माणसाचं तसं नसतं.

माझ्या वडलांना दमा होता. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. कुंभारीला थोरल्या भावाजवळ राहायचे, रान बघायचे. आदल्या हिवाळ्यात ज्वारीच्या राखणीला रानात गेले आणि तिथं त्यांना अशी धाप लागली की भावानं पाठंगुळी मारून घरी आणलं तेव्हा त्यांचे ओठ जांभळे झाले होते. वैदूनं सांगितलं, या माणसाला गारठा लागू देऊ नका आणि धूरही लागू देऊ नका. सांगायला सोपं होतं. आमच्या गावाकडच्या घरात गारठा घालवायचा म्हणजे शेणीची आगटी पेटवायची, आणि आगटी म्हणजे धूर. एक टाळावं तर दुसरं पुढं उभं. भाऊ मला म्हणाला, पुढचा हिवाळा आबा काढतील असं वाटत न्हाय.

म्हणून दिवाळी झाल्यावर मी कुंभारीला गेलो. आबा यायला तयार नव्हते. पेठेतल्या बोळात माणसं खुराड्यातल्या कोंबड्यांसारखी राहतात, असं त्यांचं मत होतं. मी म्हटलं, चार दिवस या, सुनेच्या हातचं खा. चार दिवस या बोलीवर आले. येताना घोंगडं, काठी आणि स्वतःची चंची एवढंच घेतलं, म्हणजे मुक्काम वाढवायचा नाही हे मला दिसावं.

पहिल्या दिवशी कारभारणीनं त्यांच्यासाठी शेगडी पेटवली. कोळसा नीट पेटायच्या आत आबांना अशी उबळ आली की मी शेगडी उचलून बोळात नेऊन ठेवली. परत आलो तर आबा मागच्या भिंतीला टेकून बसले होते. बसले ते बसलेच. थोड्या वेळानं त्यांनी एक हात मागं करून भिंतीला लावला, मग गाल लावला. भिंतीला गाल लावून बसलेला माझा बाप मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

"आरं," ते म्हणाले, "ही भिंत न्हाय, ही उभी चूल हाय. आन् धूर कुटं हाय हिचा?"

मी म्हटलं, धूर पलीकडच्या बाईच्या डोळ्यांत जातो.

त्या रात्री आबा भिंतीकडं पाठ करून असे झोपले की भावाला ते सांगितलं असतं तर त्यानं खोटं धरलं असतं. उशा रचून बसून झोपणारा माणूस आडवा झोपला होता. अव्वा दिवेलागणीला भट्टी मोडायची, पण मोडायची म्हणजे विझवायची नाही. निखारे राखेखाली दाबायची, त्यावर कढईतली तापलेली वाळू ओतायची आणि तोंडाला दगड लावायची, म्हणजे सकाळी जाळ लवकर धरतो आणि जळण कमी लागतं. तिची ती काटकसर आमच्या भिंतीत पहाटेपर्यंत मुरलेली असायची. एक काडी न जाळता आमची खोली ऊन. वैशाखात मी ज्या भिंतीला शिव्या घातल्या तिच्याकडं मार्गशीर्षात मी काय बोलणार?

चार दिवसांचं पुढं कुणी नाव काढलं नाही. आबांनी भिंतीला लागून आपलं घोंगडं कायमचं अंथरलं. त्यांना थोडं कानडी यायचं, रानाला रान लागून असल्यावर येतंच, आणि माझं बोलणं बंद असलेल्या बाईशी त्यांनी भिंतीतून बोलणं सुरू केलं. सकाळी ते भिंतीवर काठीनं ठोकायचे. पलीकडून झाऱ्यानं ठोका यायचा. मग आबा मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "बाई जागी हाय. माणूस भला असला की भिंतपण बोलती. तोंड असून न बोलणारी माणसं येगळी." मी चहाची बशी तोंडाला लावून ऐकायचो.

पण आबा रिकामे बसणारे नव्हते. दम जरा बसला तसे त्यांचे डोळे खोलीवर फिरायला लागले. मागच्या भिंतीचा जुना गिलावा उन्हाळ्यातल्या धगीनं तडकला होता, जागोजागी पोपडे धरले होते, दगड दिसत होते. आबांनी ठरवलं की भिंत लिंपायची.

हितं मला सांगायला पाहिजे की लिंपण्यात माझ्या बापाचा हात धरणारा माणूस कुंभारीत नव्हता. कुणाचं माळवद गळालं, कुणाची भिंत फुगली, तर आबांना बोलावणं यायचं. गावाच्या जुन्या पांढरीची, म्हणजे गावठाणातली, माती, ज्वारीचा भुसा, शेण, हे सगळं पाणी घालून मुरवायचं, वास यायला लागला की तुडवायचं, आणि मग हातानं थापायचं. भुसा जितका जास्त तितकी भिंत ऊबदार, असं ते सांगायचे. आमचं गावाकडचं घर त्यांनी असंच लिंपलेलं, उन्हाळ्यात गार आणि थंडीत बरं. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. भुशाचा गिलावा म्हणजे घराच्या अंगातला कोट. माणसाची, चुलीची, जनावराची ऊब आतल्या आत राहते.

कुंभारीहून बाजाराला कडबा घेऊन येणाऱ्या एका गाडीवानाला सांगून त्यांनी दोन पोती माती मागवली. बोळातल्या मोरीजवळ ती मुरत पडली तसा शेजाऱ्यांनी नाकाला पदर लावला. मी गिरणीतून आल्यावर तुडवायचो, आबा वर बसून सांगायचे, "टाच दे, टाच. नाचतोस काय?" मग त्यांनी स्वतः लिंपलं. मला हात लावू दिला नाही. धाप लागली की घोंगड्यावर बसायचे, बसली की पुन्हा उठायचे. चार बोटं जाडीचा गिलावा, खालपासून वरपर्यंत. मध्ये एक कोनाडा होता, त्यात कारभारीण दह्याचं मडकं ठेवायची. तो कोनाडा तेवढा त्यांनी सोडला, कारण सुनेचं मडकं हलवायचं नाही म्हणाले.

काम झालं तेव्हा भिंत अशी दिसत होती की बोळातल्या बाया बघायला आल्या. एकीनं बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, एवढी सरळ तर भाकरी पण होत न्हाय. आबा दुसरीकडंच बघत होते, पण मिशी हलत होती.

ओल्या गिलाव्याची भिंत गारच असणार. वाळंल तशी तापंल, आबा म्हणाले. ते पुढच्या खणात घोंगडं नेऊन झोपले आणि वाट बघितली. गिलावा वाळला. पांढुरका झाला, टकटक वाजायला लागला. आबांनी पुन्हा घोंगडं अंथरलं, पाठ टेकली आणि मला म्हणाले, आज आमावस्या हाय का? भट्टी बंद हाय का?

अव्वा अमावस्येला भट्टी पेटवत नसे, पण त्या दिवशी अमावस्या नव्हती. भट्टी चालू होती. पलीकडं झाऱ्याचा आवाज येत होता आणि भाजलेल्या हरभऱ्याचा वास येत होता. पण भिंत निवली होती. नुसती कोमट, आजारी माणसाच्या हाताइतकी.

दुसऱ्या दिवशी तशीच. तिसऱ्या दिवशी आबांना पहाटे उबळ आली. संक्रांत तोंडावर आलेली, थंडी रोज वाढत होती. आबा पुन्हा उशा रचून बसायला लागले. काठीनं भिंतीवर ठोकायचं त्यांनी बंद केलं. त्यांना वाटलं, आणि मलाही वाटलं, की अव्वानं जाळ कमी केला. का केला? मी म्हटलं, माझ्यावरच्या रागानं. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की त्याचा अर्थ मला कळला. तुझ्या तोंडामुळं माझी ऊब गेली.

मग मी गेलो. इतके महिने ज्या दारात पाऊल टाकलं नव्हतं तिथं उभा राहिलो आणि विचारलं, भट्टीत जळण कमी घालतेस का हल्ली?

ती म्हणाली, "घालते की. कमीच लागतंय. का लागतंय ते देवाला ठावं. पयले चार भारे लागायचे तितं आता तीनात भागतंय, आन् वर फुटाणे करपतात माझे."

झालं. माझ्या मनात होतं ते तिनं तोंडानं कबूल केलं, असं मी धरलं. मी तिला पुष्कळ बोललो. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी खेळतेस म्हणालो. तिनं झारा खाली ठेवला, आणि तिला झारा ठेवताना मी पहिल्यांदाच बघत होतो. म्हणाली, आत ये, भट्टीवर हात धर, आन् मग बोल. मी आत गेलो नाही. गेलो असतो तर बरं झालं असतं की काय, ते आता कशाला बोलायचं? कुणी हात धरून आत नेण्यासारखा मी नव्हतो, आजही नाही.

मी घरी येऊन आबांना सांगितलं, बाईनं कबूल केलं, जळण कमी घालते.  आबा म्हणाले, कडब्याची गाडी आज बाजाराला आलीय, उद्या सकाळी परत जाणार हाय, मी गाडीवानाला निरोप धाडतो न् तिच्यात बसतो.

मी म्हटलं, कुंभारीला काय थंडी कमी हाय?

"हाय तेवढी हाय. पर ती माझ्या गावची हाय. जितं उबंसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघाय लागतं, तितं मी ऱ्हायचा न्हाय."

आता माझ्यातला ताठा कुठून आला ते वाचणाऱ्याला सांगायला नको. मी समजावलं, मग रागावलो. आबा आपलं घोंगडं घडी करायला लागले. घडी करताना दोनदा थांबून श्वास घेतला. मला भावाचं बोलणं आठवत होतं. तो माणूस त्या गाडीतून कुंभारीला गेला तर पुढच्या वेळी मी तिकडं कशासाठी जाणार, हे मला दिसत होतं.

कारभारणीनं मला पुढच्या दाराशी बोलावलं. ती सासऱ्यासमोर मोठ्यानं बोलत नसे. पदराआडून हळू म्हणाली, "आवं, दही आंबतंय."

मी म्हटलं, हितं माझा बाप चाललाय आणि तू दह्याचं काय सांगतेस?

"आयका तर. पौषात दही लागत न्हाय, सगळ्या बोळात कुणाचं लागत न्हाय. माझं कोनाड्यातलं रातीत आंबतंय. चैतात आंबायचं तसं. मडकं ऊन हाय."

मी आत जाऊन पाणी प्यायच्या निमित्तानं कोनाड्यात हात घातला. आत अशी ऊब होती की हात काढावासा वाटेना. पाठीमागचा दगड तापलेला होता. आणि कोनाड्याच्या कडेला, चार बोटं जाडीच्या त्या सरळ, सुरेख गिलाव्यावर हात ठेवला तर त्या मानानं गार.

मला कळलं. घराला घातलेला कोट घराची ऊब आत ठेवतो. पण या घराची ऊब आत नव्हतीच, ती भिंतीपलीकडं होती. आबांनी कोट घातला तो अव्वाच्या भट्टीला. तिची आग तिच्याकडं राहिली, म्हणून तिला जळण कमी लागत होतं, म्हणून फुटाणे करपत होते. बाईनं सगळं खरं सांगितलं होतं.

हे मी बापाला कोणत्या तोंडानं सांगू? ज्या माणसाला सगळं गाव भिंत दाखवायला बोलावतं, त्याला म्हणू, की तुमच्या हातानंच तुम्ही तुमची ऊब बंद केली? तो माणूस गाडीची वाटही बघणार नाही, त्या क्षणी चालत निघेल. मी पुन्हा बाहेर आलो. कारभारणीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता बोळातून वळून अव्वाकडं गेली. त्या दोघी काय बोलल्या ते मला तिनं कधीच सांगितलं नाही.

थोड्या वेळानं अव्वा आमच्या घरी आली. शेजार इतक्या दिवसांचा, पण आमच्या उंबऱ्याच्या आत ती पहिल्यांदा येत होती. पदरात गरम फुटाणे होते. माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ आत गेली, फुटाणे आबांपुढं ठेवले आणि भिंतीसमोर उभी राहिली. वरपासून खालपर्यंत बघितलं. हात फिरवला. सांधा कुठं सापडतो का ते बघितलं, तो सापडला नाही.

"आण्णा," ती म्हणाली, "हे तुमी केलं?"

आबांनी घोंगड्याच्या घडीवरून मान हलवली.

"माझ्या सासऱ्यानं भट्टी बांधली तवा पण असं काम झालं न्हाय. बरं, सुनंच्या कोनाड्यातलं दही द्या बघू, हात पोचत न्हाय माझा."

हात पोचत होता तिचा. ती आबांपेक्षा उंच होती. पण आबा उठले, कारण घरी आलेल्या बाईनं काही मागितलं तर ते द्यायचं असतं. कोनाड्यात हात घातला आणि तो तिथंच राहिला. मडकं घेतलं नाही, हात काढला नाही. मग दुसरा हात बाहेरच्या गिलाव्यावर ठेवला. एक हात आत, एक बाहेर, असे ते उभे राहिले. आम्ही तिघं बघत होतो. पलीकडं तिनं दाबलेल्या निखाऱ्यांचा तडतड आवाज येत होता.

"बिसी हाय," आबा म्हणाले. बिसी म्हणजे कानडीत गरम. मग मराठीत म्हणाले, "आत ऊन हाय की."

आबा खाली बसले. भिंतीला टेकून नाही, भिंतीकडं तोंड करून.

"कोट घातला मी," ते म्हणाले. "माणसानं कोट घालायचा असतो. मी चुलीला घातला."

मला वाटलं, आता उठतील. त्यांनी घोंगड्याकडं हात नेलाही. तेवढ्यात अव्वा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, फुटाण्यांतला करपलेला दाणा निवडून बाजूला टाकला आणि अगदी व्यवहाराचं बोलावं तसं बोलायला लागली. तिचं म्हणणं असं होतं. भट्टीला दोन भिंती आहेत. एक तुमच्या घराची, दुसरी रस्त्याची. रस्त्याची भिंत आबांनी बघितली आहे का? तिला टेकून कुत्री झोपतात. सगळ्या पेठेतली कुत्री पौषात तिथं येतात.

"लोक म्हणतात अव्वा लई दयाळू. कसली दयाळू? निम्मं जळण मी त्या कुत्र्यांसाठी जाळते. हा गिलावा तितं पायजे, आण्णा. हितनं काढा आन् तितं घाला. मग माझे तीनच भारे लागतील, आन् तुमची भिंत तुमाला. तुमच्या पोरानं मला बोललं ते मी सोडलं. पर हे काम मला पायजे."

आबांनी तिच्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. माझ्या बापाला फसवून काही गोड बोललेलं चालत नसे, त्यांना ते लगेच कळायचं. ही बाई गोड बोलत नव्हती. तिला खरंच तीन भाऱ्यांत भागवायचं होतं. तेच आबांना पटलं, असं मला वाटतं.

"काढलेली माती पुन्ना चालत न्हाय," ते म्हणाले. "तिचा जीव गेलेला असतो. नवी लागंल. आन् रस्त्याकडंची भिंत म्हंजे पाऊस लागणार, तर भुसा कमी न् पांढरी जास्त. वरनं एक हात चुन्याचा."

"मग आणा की."

"कुंभारीची लागंल. हितली माती म्हंजे नुसता काला."

अव्वा म्हणाली, मग कुणाला तरी पाठवा. आणि तेव्हा पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत होतो, तरी मला कळलं.

हा गिलावा मी काढून देतो, असं मी म्हटलं. आबा म्हणाले, हात लावू नकोस, माझा हात लागलाय, माझाच हात काढंल. त्याच वेळी त्यांनी विळा मागून घेतला आणि घोंगडं जिथं अंथरायचं तेवढ्या जागेपुरता, बसल्या माणसाच्या पाठीइतका, गिलावा खरवडून काढला. ढेकळं पडत होती आणि कारभारीण सुपात भरत होती. मधेच ते थांबले, उघड्या दगडाला तळहात लावला, आणि मला म्हणाले, "तुला कवा कळलं?"

मी म्हटलं, तुमच्या थोडं आधी.

"मग बोलला का न्हाईस?"

मी भरलेलं सूप उचलून बोळात रिकामं केलं. आबा भिंतीला पाठ लावून बसले, डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं त्यांच्या छातीतली घरघर मला कमी ऐकू यायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीचा खाडा केला. भोंगा झाला तेव्हा मी बाजाराच्या तोंडाशी कडब्याच्या रिकाम्या गाडीपाशी उभा होतो, काखेत पोत्यांची गुंडाळी आणि खांद्यावर कुदळ. थंडीनं बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. गाडीवानानं माझ्या मागं बोळाकडं बघितलं आणि विचारलं, म्हातारं येणार व्हतं न्हवं, कुटं हाय?

मी म्हटलं, "घरी हाय." आणि पोती खाली अंथरून गाडीत बसलो.